८०८चा डग्गा सुरात लावताना

रोलँड या जपानी कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली बाजारात आलं आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. एवढ्या काळात साधारण बारा हजार नग बनले. आज त्यातला एखादा चालू नग विक्रीला निघाला तर बोलणी लाखांपासूनच सुरू होतात. विकत घेण्याचा विचार मी कधी केलाच नाही. पण त्या यंत्राचं सर्किट गुपित नाही. दुरुस्ती करणाऱ्यांसाठी रोलँडने काढलेल्या सर्व्हिस नोट्समध्ये प्रत्येक रजिस्टन्स, प्रत्येक कंडेन्सर आपापल्या किमतीसह, म्हणजे किती ओहमचा, किती फॅरडचा ते सांगून, छापलेला आहे. ती पानं मी रात्री झोपताना कादंबरी वाचावी तशी वाचत असे, आणि एका पावसाळ्यात ठरवलं की यातले चार आवाज तरी स्वतःच्या हाताने बांधायचे: बास ड्रम (मोठा, खालच्या आवाजाचा), स्नेअर (तारा लावलेला ड्रम), हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि काउबेल (धातूची घंटा).

८०८चे आवाज लॅपटॉपवर फुकट मिळतात, हे मला माहीत होतं. ते मी वापरतोही. पण ते फोटो आहेत. मला तो आवाज नेमका कुठे तयार होतो ते बघायचं होतं. १९८० सालीच अमेरिकेत लिन एलएम-१ हे ड्रम मशीन आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवलेले होते आणि किंमत होती ४,९९५ डॉलर. ८०८ची किंमत १,१९५ डॉलर. स्मृती-चिप तेव्हा महाग होत्या, म्हणून रोलँडच्या मंडळींनी एकही ड्रम रेकॉर्ड न करता सगळे आवाज ट्रान्झिस्टर, ऑप-अॅम्प (सिग्नल मोठा करणारी आयसी) आणि कंडेन्सर यांतून घडवले. तेव्हा अनेकांना ते आवाज खेळण्यातले वाटले, कारण ते खऱ्या ड्रमसारखे नव्हतेच. पुढे त्याच आवाजांवर हिप-हॉप आणि टेक्नो उभे राहिले.

सामानासाठी पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली गाठली. माझ्या यादीत सगळ्यात महत्त्वाची वस्तू होती पंधरा नॅनोफॅरडचे पॉलिस्टर कंडेन्सर, ज्यांच्यावर १५३ असं छापलेलं असतं.

“काका, एक-पाच-तीनचे पॉलिस्टर आहेत का?”

“सिरॅमिक ने ना, स्वस्त पडतील. काम तेच.”

“नाही, आवाजाचं सर्किट आहे. पॉलिस्टरच लागतील.”

“मग थांब जरा. वरच्या खणात असतील.”

स्वस्तातल्या सिरॅमिक कंडेन्सरची किंमत, म्हणजे तो किती फॅरडचा ते, त्याच्यावर पडणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे हलते. पॉवर सप्लायमध्ये ते चालून जातं. इथे मात्र सूर कंडेन्सरच ठरवतो, त्यामुळे तो हलला की सूर हलला. काकांनी वरच्या खणातून काढलेली पुडी मी पूर्ण घेतली, घरी मीटरवर एकेक मोजला आणि सगळ्यात जवळच्या किमतीची जोडी बास ड्रमसाठी बाजूला ठेवली. बाकी सामान साधंच होतं: १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर, ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर, डॉट पीसीबी, थोडे बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ४५५८ आयसी. हा ४५५८ आपल्याकडे होम थिएटरच्या जवळजवळ प्रत्येक टोन-कंट्रोल बोर्डावर सापडतो. ८०८मध्येही त्याच जातीचे ऑप-अॅम्प आहेत.

बास ड्रमचं हृदय म्हणजे ब्रिज्ड-टी नावाची जोडणी. दोन कंडेन्सर एकापुढे एक लावायचे. त्यांच्या मधल्या जोडावरून ४७ किलोओहमचा रजिस्टन्स ग्राउंडला न्यायचा. दोन्ही कंडेन्सरांच्या बाहेरच्या टोकांना जोडणारा एक मेगाओहमचा रजिस्टन्स वरून टाकायचा. एवढं सगळं ऑप-अॅम्पच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत, बसवलं की सर्किट गप्प बसून राहतं. त्यातून काहीच येत नाही. पण त्याला एक छोटा धक्का दिला, एक मिलिसेकंदाचा पल्स, की ते एका ठरावीक वारंवारतेने थरथरतं आणि विझतं. वारंवारता काढायची तर दोन रजिस्टन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं, त्याला कंडेन्सरच्या किमतीने आणि दोन पायने गुणायचं आणि एकाला त्याने भागायचं. वरच्या किमती घातल्या की उत्तर येतं सुमारे ४९ हर्ट्झ.

हे गणित मी आधी कागदावर केलं, मग ब्रेडबोर्डावर, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या फळीवर, जोडलं, हेडफोन लावले आणि पल्स दिला. आवाज आला: ठप्. बस. ज्या लांब, पोटात उतरणाऱ्या नादासाठी हे सगळं चाललं होतं त्याचा पत्ता नव्हता. लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर बघितलं तर लाट बरोबर ४९च्या आसपासची होती, पण चार-पाच हेलकाव्यांत विझत होती. पुन्हा कागदाकडे वळलो, तेव्हा कारण दिसलं. या जोडणीचा क्यू, म्हणजे नाद धरून ठेवण्याची ताकद, दोन रजिस्टन्सच्या गुणोत्तरावर ठरते आणि इथे ती जेमतेम २.३ भरते. सेकंदाच्या दहाव्या भागात आवाज संपणारच.

मग ८०८चा नाद एवढा लांब कसा? त्याचं उत्तर डिके या खुंटीमागे आहे. बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा हिस्सा एका वेगळ्या वाटेने परत आत सोडलेला आहे. दर हेलकाव्याला जेवढी शक्ती विरते त्यातली काही भरून निघते, म्हणून नाद टिकतो. खुंटी जितकी पुढे, तितकी भरपाई जास्त. ती वाट जोडली, पॉट, म्हणजे खुंटीमागचा कमी-जास्त होणारा रजिस्टन्स, हळूहळू फिरवला, आणि ठप्चा धुम् झाला, मग धुम्म्म् झाला. आणखी थोडं पुढे नेलं तर आवाज विझायचाच थांबला आणि ४९ हर्ट्झचा अखंड सूर लागला. चांगला ८०८ या टोकाच्या अगदी अलीकडे राहतो. त्या जागेपर्यंत पॉट नेऊन मी कितीतरी वेळ एकच पल्स पुन्हा पुन्हा देत बसलो होतो. घरच्यांना भिंतीतून काहीतरी धपधप ऐकू येत होतं म्हणे.

अजून एक गोष्ट बाकी होती. खरा ८०८ सुरुवातीला वरच्या सुरात चमकतो आणि लगेच खाली बसतो. त्यासाठी रोलँडने एक ट्रान्झिस्टर ठेवला आहे. पल्स आला की तो काही मिलिसेकंद उघडतो आणि ४७ किलोओहमच्या शेजारी ६.८ किलोओहमचा रजिस्टन्स समांतर आणून बसवतो. दोन्ही मिळून साधारण सहा किलोओहम होतात आणि वारंवारता १३८च्या आसपास उडी मारते. ट्रान्झिस्टर मिटला की परत ४९. तो एक पल्ला म्हणजे ड्रमच्या कातड्यावर काठी आपटल्याचा भास. यातलं सौंदर्य मला अॅक्सेंटपाशी कळलं. ८०८मध्ये जोरकस मात्रेला पल्सचा व्होल्टेज वाढतो, आणि पल्स मोठा असला की तो ट्रान्झिस्टर किंचित जास्त वेळ उघडा राहतो. म्हणजे जोरात मारल्यावर आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची सुरुवातही बदलते. खऱ्या वाद्यावरही असंच होतं. सँपल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, नुसतं मोठं करून ही गोष्ट मिळत नाही.

मी तबला शिकलो आहे, जेमतेम साथ करता येईल इतपत. म्हणून या सरकत्या सुराकडे माझं लक्ष वेगळ्या कारणाने गेलं. डग्ग्यावर घे वाजवून मनगटाच्या टाचेने पुडी दाबली की सूर वर चढतो. ८०८मध्ये तो खाली उतरतो. दिशा उलटी, पण कानाला धरून ठेवणारी गोष्ट दोन्हीकडे तीच: सूर जागेवर न बसता सरकतो. त्या दिवसापासून माझ्या वहीत बास ड्रमच्या पानावर मी डग्गा असंच लिहायला लागलो.

आणि डग्गा म्हटला की तो सुरात हवा. ४९ हर्ट्झ म्हणजे पाश्चात्त्य जी. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, अर्थात खूप खालच्या सप्तकातली. ड्रम मशीनच्या बास ड्रमला सूर असतो हे बरेच लोक लक्षातच घेत नाहीत. नाद छोटा ठेवला तर ते खपतंही. नाद लांबवला की मात्र तो गाण्याच्या सुराशी भांडायला लागतो. माझी आत्या काळी चारमध्ये गाते. मला तिच्या भजनाखाली हा आवाज ठेवून बघायचा होता, म्हणून ५१.९ हर्ट्झ हवे होते. गणित सोपं आहे. वारंवारता रजिस्टन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ४७ किलोओहमच्या जागी साडेएकेचाळीस-बेचाळीसच्या दरम्यान काहीतरी लागणार. ३९ किलोओहम आणि त्याला जोडून ५ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रजिस्टन्स) घातला आणि तानपुरा लावून प्रीसेट फिरवत गेलो. इतक्या खालच्या आवाजाचा सूर कानाला पटकन सापडत नाही. फीडबॅक मुद्दाम टोकापलीकडे नेऊन अखंड सूर काढला, तो तानपुऱ्याशी मिळवला आणि मग फीडबॅक मागे घेतला.

सूर लावतानाच एक त्रास समोर आला. लांब नादात एक मंद हेलकावा येत होता, सेकंदाला साधारण एक. सूर काळी चारला आणला तेव्हा तो सेकंदाला दोन झाला. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरची हलकी गुणगुण सर्किटात शिरत होती, ती ४९च्या शेजारी बसली की दोन सुरांच्या फरकाएवढे हेलकावे पडणारच. एरवी गुणगुण एवढी कमी होती की ऐकूसुद्धा आली नसती. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या डब्यात टाकून तो हातभर लांब नेला, सगळी ग्राउंड एका बिंदूवर आणून बांधली, आणि नाद स्वच्छ झाला.

घरच्या छोट्या स्पीकरमधून ४९ हर्ट्झ निघतच नाही. तिथे ऐकू येते ती फक्त सुरुवातीची टकटक. म्हणून एका ओळखीच्या साउंडवाल्यांच्या गोदामात गेलो. अठरा इंची बेस लावून त्यांनी आवाज सोडला, स्वतःच दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, “हा बेस कुठल्या गाण्यातला आहे हो?” गाण्यातला नाही, या डब्यातला आहे, असं सांगितल्यावर त्यांनी डब्यात डोकावून बघितलं. या वारंवारतेची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. गोदामात फिरताना एका खांबापाशी छाती हलत होती आणि चार पावलांवर आवाज जवळपास नाहीसा होत होता. बंद जागेत भिंतीवरून परतलेली लाट मूळ लाटेला कुठे साथ देते, कुठे खाऊन टाकते. सर्किटात काही बदलण्याआधी जागा बदलून ऐकायचं, हे तिथे कळलं.

स्नेअरला सूर कमी आणि सळसळ जास्त लागते. त्यासाठी पांढरा गोंगाट, म्हणजे सगळ्या वारंवारता एकदम मिसळलेला आवाज, हवा. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड उलटा बांधला, कलेक्टर मोकळा सोडला आणि मोठ्या रजिस्टन्समधून १२ व्होल्ट दिले, की तो जोड आठ-नऊ व्होल्टच्या आसपास फुटतो आणि सतत सळसळ करत राहतो. मोठी केली की हीच सळसळ स्नेअरच्या तारांची जागा घेते. गंमत म्हणजे एकाच पाकिटातले ट्रान्झिस्टर वेगवेगळे सळसळतात. काही सपाट, काही फुटाण्यासारखे तडतडणारे, काही अगदी क्षीण. सॉकेट लावून मी एकेक बसवत गेलो आणि कानाला पटेल तो ठेवला. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी ८०८साठी मुद्दाम सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर घेतले होते, कारण त्यांचाच गोंगाट हवा तसा होता. पुढे ट्रान्झिस्टरचं उत्पादन सुधारलं, तसा सदोष माल मिळेनासा झाला आणि ८०८ही थांबलं. हे आधी वाचलं होतं. सॉकेटमध्ये एकेक ट्रान्झिस्टर बदलत बसल्यावर ते पटलं.

हाय-हॅट आणि काउबेलचं काम झटपट झालं. ४०१०६ या आयसीत सहा श्मिट ट्रिगर, म्हणजे ठरावीक पातळी ओलांडली की उलटणारे स्विच, असतात. प्रत्येकाला एक रजिस्टन्स आणि एक कंडेन्सर दिला की सहा चौकोनी लाटा मिळतात. ८०८मध्ये त्या साधारण २०५, ३०४, ३७०, ५२३, ५४० आणि ८०० हर्ट्झच्या आहेत. कोणत्याही दोघांचं नीट जुळत नाही, आणि तेच हवं आहे. सगळ्या एकत्र करून फक्त वरचा भाग, सात हजार हर्ट्झच्या आसपासचा, ठेवला की धातूचा आवाज येतो. शेवटच्या दोन, ५४० आणि ८००, वेगळ्या काढल्या की काउबेल. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ४०१०६मध्ये ट्रिगरची पातळी वेगळी असते, त्यामुळे त्याच किमतीच्या रजिस्टन्सवर वेगळे सूर येतात. म्हणून काउबेलच्या या दोघांना प्रीसेट द्यावेत. बाकी चार कुठेही पडले तरी चालतात.

आता हे सगळं वाजवायचं कसं? ८०८मध्ये सोळा बटणांची रांग आहे आणि ती अप्रतिम आहे. पण माझ्या डोक्यात रूपक ताल होता. ८०८वर आपलं संगीत वाजवणारा मी काही पहिला नाही. १९८२ साली मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या रोलँडच्याच तीन यंत्रांवर दहा रागांचा अल्बम केला होता. त्यांनी रागांखाली डिस्कोचा ठेका ठेवला. मला ठेकाच आपला हवा होता.

त्यासाठी ४०१७ हा काउंटर पुरला. त्याला आउटपुटचे दहा पाय असतात, लय देणाऱ्या घड्याळ-सर्किटाच्या दर टिकेला त्यातला एक पुढचा पाय जागा होतो. त्यातला आठवा पाय रिसेटला जोडला की तो सातवर संपून पुन्हा एकवर येतो. सात मात्रा झाल्या. रूपकाचा ठेका तिं तिं ना, धि ना, धि ना. इथे सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीची (बिनभाराची) आहे, म्हणून पहिल्या तीन मात्रांत डग्गा गप्प. तो वाजतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेला. त्या दोन पायांवरून डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) टाकून बास ड्रमला तारा नेल्या. ना हाय-हॅटला दिला. तिंसाठी स्नेअरमधला गोंगाट काढून नुसता सुरेल भाग घेतला आणि तो वर षड्जाला लावला. लागोपाठच्या दोन तिंनी थोडा वेळ खाल्ला. पहिला पाय झोपतो त्याच क्षणी दुसरा जागा होतो, त्यामुळे डायोडांपलीकडे दोन मात्रा मिळून एकच लांब पल्स दिसतो आणि तिं एकदाच वाजतो. ४०८१ ही अँड-गेटची आयसी (दोन्ही सिग्नल असतील तेव्हाच पुढे सोडणारी) लावून प्रत्येक पल्स घड्याळाच्या टिकेशी बांधला, तेव्हा दोन तिं सुटे झाले.

बास ड्रम समेवर ठेवायची सवय या यंत्रांनी जगभर लावली आहे. इथे समेवर तो नाही. चौथ्या मात्रेला ४९चा, माझ्याकडे ५२चा, तो नाद पहिल्यांदा येतो तेव्हा जमीन सरकल्यासारखी वाटते. मला वाटतं, या यंत्राकडून रूपक वाजवून घेतल्यावर तो मला तबल्यावरही जास्त नीट कळला.

आत्याला बोलावलं. ती पेटी घेऊन बसली, काळी चार धरली आणि ठेका ऐकत राहिली.

“अरे, हा डग्गा नाहीये.”

“नाहीच आहे, आत्या.”

“पण सुरात आहे. जरा लय उतरव बघू.”

लय उतरवली तशी धि ते ना मधली जागा मोठी झाली आणि नाद अर्ध्यातच संपायला लागला. डिके पुढे नेला. विलंबित लयीला खुंटी जवळजवळ टोकाला न्यावी लागते. तिथे खोलीतलं तापमान बदललं तरी नाद लांबतो-आखडतो, म्हणून डबा चालू करून थोडा तापू द्यायचा आणि मगच खुंटी ठरवायची, असा नेम पडला. आत्या दोन भजनं म्हणाली. मधे एकदा थांबून म्हणाली, “घिस्सा नाही का येत याच्यात?”

घिस्सा म्हणजे टाच दाबून डग्ग्याचा सूर सरकवणं. येईल, असं म्हणालो आणि ती गेल्यावर कागद काढला. सूर वर न्यायचा तर ग्राउंडकडचा रजिस्टन्स कमी व्हायला हवा. दाबल्यावर रजिस्टन्स कमी होणारी सपाट चकती मिळते, ती त्याला समांतर लावली की हाताची टाच दाबताच सूर चढणार. लावून बघितली. चकती दाबून चाळीस किलोओहमपर्यंत आणली की सूर जवळजवळ षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंत जातो, आणि हात सैल सोडला की सावकाश उतरतो. अडचण एकच उरली आहे. तो रजिस्टन्स कमी झाला की क्यू वाढतो, आणि लांब डिकेवर दाबलं तर नाद विझायचा थांबून अखंड गुंजायला लागतो. त्यावर उपाय म्हणून चकतीच्याच दाबाने फीडबॅक थोडा मागे घेणारा एक ट्रान्झिस्टर सध्या ब्रेडबोर्डावर आहे. मधल्या लयीत तो नीट चालतो. विलंबितासाठी त्याची किंमत अजून शोधतो आहे.